घुमटांचा इतिहास आणि वेळापत्रकाचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांच्या घरी चार सुशिक्षित मंडळी चहाच्या निमित्ताने जमली असता बोलण्याचा ओघ जुन्या आगगाड्यांकडे वळला. मंडळींत एक गृहस्थ या विषयाचे मोठे हौशी होते. बोरीबंदरच्या इमारतीवर कोणता दगडी पशू कोठे बसविला आहे, चर्चगेटसमोरील कचेरीचे घुमट कोणाच्या कल्पनेतून उतरले, वांद्र्याच्या स्टेशनाचे छप्पर कोणत्या घाटाचे आहे, हे सर्व त्यांस मुखोद्गत होते. सुटीच्या दिवशी एकेक स्टेशन पाहावे, त्याची छायाचित्रे घ्यावीत, टिपणे करावीत, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. मंडळींपैकी कोणी तरी सहज विचारले, "आणि पालघर-बोईसरकडे कधी गेला होतात का?" गृहस्थ हसून म्हणाले, "विरारपर्यंत ठीक आहे हो! त्याच्या पुढे पाहण्यासारखे आहे काय? पत्र्याची चार छपरे आणि एक पाटी!" यावर सर्व मंडळी हसली. आमचे बालपण पालघरास गेले असूनही शिष्टाचार म्हणून आम्हीही हसलो, आणि घरी परतताना त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली. ती लाज धुऊन काढावी, हा या लेखाचा एक हेतू आहे, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

त्या गृहस्थांशी आमचे वैयक्तिक भांडण नाही. त्यांचे मत हे त्यांच्या एकट्याचे असते तर त्याचा परामर्श घेण्याचे कारणही पडले नसते. परंतु जुन्या आगगाड्यांविषयी आपल्याकडे जे थोडेबहुत लिहिले जाते, जी प्रदर्शने भरतात, ज्या सहली निघतात, त्यांपैकी बहुतेकांचा शेवटचा थांबा हाच असतो. विरारला गाडी रिकामी होते आणि इतिहासही तेथेच उतरतो! आमचे म्हणणे असे की, हे मत चुकीचे आहे. आणि नुसते चुकीचे नसून ते एका जुन्या अन्यायाचे सभ्य रूप आहे. लोहमार्गाचा इतिहास दोन ठिकाणी लिहिलेला असतो. एक इमारतींच्या दगडांत, दुसरा गाड्यांच्या वेळापत्रकात. पहिला इतिहास आगगाडीच्या कंपनीने स्वतःविषयी लिहिला. दुसरा तिने, स्वतःच्या नकळत, आपणांविषयी लिहिला. कोणत्या गावी गाडी उभी राहते, किती वेळ उभी राहते, आणि कोणत्या गावाच्या तोंडावर धूळ उडवून निघून जाते, यावरून त्या गावची किंमत राज्यकर्त्यांच्या आणि धनिकांच्या वहीत काय होती ते कळते. हा दुसरा इतिहास ज्यास वाचावयाचा असेल त्याने विरारला उतरून चालावयाचे नाही. त्याने तेथे गाडी बदलून पुढे गेले पाहिजे.

घुमटांचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. बोरीबंदरची इमारत १८७८ पासून १८८८ पर्यंत दहा वर्षे बांधली जात होती. तिचा शिल्पकार स्टीव्हन्स याच्या कौशल्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले ते योग्यच झाले. चर्चगेटसमोरील मोठी कचेरी त्याच शिल्पकाराची. १९३० मध्ये उघडलेले मुंबई सेंट्रलचे स्टेशनही आपल्या परीने भारदस्त आहे. परंतु या इमारती कोणासाठी उभ्या राहिल्या याचा थोडा विचार करावा. जेथे गव्हर्नर उतरत, जेथे विलायतेहून आलेले व्यापारी उतरत, जेथे भागीदारांस आपला पैसा सुरक्षित आहे अशी खात्री पटवावयाची असे, तेथे घुमट चढले. केळवे रोडास कोणास दिपवावयाचे होते? एखाद्या घराण्याची परीक्षा नुसत्या दिवाणखान्यावरून करणारा पाहुणा माजघरात आणि स्वयंपाकघरात कधी डोकावतच नाही. तसलाच हा प्रकार आहे. ज्या घरातली माणसे माजघरात वाढली त्यांनी तरी या पाहुण्याच्या अभिप्रायास मान डोलवू नये.

बरे, वयाचीच गोष्ट काढावयाची असेल तर तीही काढू. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. तिचे काम मुंबईच्या बाजूने फुलत गेले अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. तिचा पहिला तुकडा गुजरातेत, अंकलेश्वर ते उत्राण असा, १८६० मध्ये खुला झाला, आणि तेथून दक्षिणेकडे येत तो मार्ग २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. ती वर्षे अमेरिकेतील यादवी युद्धाची होती. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला होता आणि गुजरातच्या कापसास सोन्याचे मोल आले होते. त्या कापसाच्या गासड्या मुंबईच्या बंदरात आणून ओतण्याचे साधन म्हणून या मार्गाचे मोल एकाएकी वाढले. ज्या विरारच्या लोकलचे कौतुक आपण करतो, ती १२ एप्रिल १८६७ रोजी सुरू झाली. सकाळी एक गाडी विरारहून बॅकबेकडे जाई आणि संध्याकाळी परत येई, एवढाच तिचा व्याप होता. म्हणजे मुंबईची ती सुप्रसिद्ध उपनगरी गाडी जन्मास येण्यापूर्वी सुमारे अडीच वर्षे सुरतेची गाडी पालघर-बोईसरच्या शिवारातून धावत होती. पाळण्यातल्या मुलाने थोरल्या भावास 'तू कोण?' असे विचारावे, तसा विरारच्या पुढे काय आहे हा प्रश्न आहे.

मग थोरल्या भावाचे झाले काय? याचे उत्तर स्टेशनांच्या नावांतच आहे. मात्र पाटी वाचता आली पाहिजे. १८६७ च्या त्या पहिल्या लोकलच्या स्टेशनांची नावे आजही सांगितली जातात. त्यांत बसीन आहे, पाणजू आहे, बोरिवलीचे बेरेवला आणि अंधेरीचे अंदारू झालेले आहे, आणि गोरेगावाच्या जागी पहाडी आहे. साहेबाच्या कानाने ऐकलेली ही नावे वाचून आपण हसतो. पण विरारच्या उत्तरेस साहेबाने नावे मोडली नाहीत. त्याने त्यांस एक शेपूट जोडले, आणि ते शेपूट आजही तसेच आहे. केळवे रोड, डहाणू रोड, आणि सरहद्दीपलीकडे, १९६० मध्ये गुजरातेत गेलेले, उंबरगाव रोड. या 'रोड'चा अर्थ असा की, स्टेशन गावात नाही. येथून गावाकडे रस्ता जातो, तो तुम्ही तुडवावा. जुनी, नांदती गावे समुद्रकाठी होती: केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू. आगगाडी त्यांस वगळून आतल्या बाजूने, खाड्यांची रुंद मुखे टाळीत, सुरतेहून मुंबईस कमीत कमी अडथळ्यांनी जाण्यासाठी सरळ निघाली. ती या गावांसाठी आलीच नव्हती. गावांनी तिच्याकडे चालत जावे, अशी योजना होती. एखाद्या पाटीवरचे दोन अक्षरी 'रोड' एवढे सांगते; ते सांगण्यास बोरीबंदरचे सारे दगडी पशू असमर्थ आहेत.

आणि गावे चालत गेलीही! आज ज्यास पालघर तालुका म्हणतात तो पूर्वी माहीम तालुका होता. समुद्रकाठच्या केळवे-माहीमास तालुक्याचा मान होता आणि पालघर हे त्यामानाने सामान्य खेडे होते. लोहमार्ग ज्याच्या दाराशी आला त्या पालघराकडे कचेरी आली, बाजार आला, वकील-शिक्षक आले. तालुक्याचे नावही बदलले. १९४२ च्या ऑगस्टात, १४ तारखेस, समुद्रकाठच्या गावांतून निघालेले लोकांचे जथे पालघरच्या कचेरीवर आले आणि गोळीबारात पाच जण धारातीर्थी पडले. स्टेशनापासून जवळच असलेला हुतात्मा चौक त्यांचे स्मरण करून देतो. माहीमच्या कचेरीवर जाणारा मोर्चा पालघरास का गेला, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपण रुळांपाशी येऊन पोहोचतो. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्याचे मुख्य ठाणेही पालघरच. हे पाहण्यासारखे नसेल, तर इतिहासात पाहण्यासारखे असते तरी काय?

या मार्गाने काय नेले आणि काय आणले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. गुजरातचा कापूस येथून नुसता गेला. त्याने येथे काही ठेवले नाही. येथून मुंबईस गेले ते जंगलातले लाकूड आणि डोंगरउतारावरचे गवत. मुंबईचे तबेले आणि गोठे या गवतावर जगत. ते गवत ज्यांनी कापले ते वारली. जमीनदार आणि व्यापारी यांच्यापाशी वेठीने आणि नाममात्र मजुरीवर राबणारे हे लोक १९४५ मध्ये उठले, त्यांची मजुरीची लढाई गवतकापणीवरच मुख्यतः लढली गेली, आणि ती कहाणी गोदावरी परुळेकरांनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली. मुंबईच्या रस्त्यावरून डौलाने धावणाऱ्या व्हिक्टोरियाच्या घोड्याचे चित्र आमचे हौशी मित्र मोठ्या आवडीने दाखवितात. त्या घोड्याच्या तोंडातील गवताची काडी कोठून आली, हे विचारण्याची त्यांस कधी गरज वाटत नाही. त्या चित्राचा उरलेला अर्धा भाग वाणगाव-बोईसरच्या मालधक्क्यांवर आहे. सातपाटीच्या कोळणीच्या टोपलीत आहे. केळवे-माहीमच्या बागांतून उत्तरेकडील बाजारांसाठी रवाना होणाऱ्या विड्याच्या पानांच्या करंड्यांतही आहे.

आता विजेच्या गाडीकडे वळू. कुलाबा ते बोरिवली हा मार्ग ५ जानेवारी १९२८ रोजी विजेवर चालू लागला, आणि १९३६ मध्ये ती वीज विरारपर्यंत आली. तेथे ती थांबली. त्या थांबण्याने 'उपनगर' या शब्दाची सीमा आखली गेली. विरारच्या अलीकडे जो राहतो तो मुंबईकर. पलीकडे राहतो तो बाहेरगावचा. पुढे १९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेसही वीज आली. पण ती निराळ्या जातीची. दक्षिणेस दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह, उत्तरेस पंचवीस हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती. मुंबईची नेहमीची लोकल या उंबरठ्यावर येऊन अडत असे. तिचे यंत्र पलीकडची वीज घेऊच शकत नसे. चर्चगेट-विरार मार्गावरील प्रवाह बदलण्याचे काम २०१२ मध्ये पुरे झाले आणि १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. योगायोग असा की, बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली तो दिवसही १६ एप्रिल, साल १८५३. बरोबर एकशे साठ वर्षे! बोरीबंदरहून ठाण्यास गाडी निघाल्यानंतर लोकल नावाची साधी वस्तू पालघरच्या उतारूच्या पदरात पडावयास एवढा काळ जावा लागला.

या विलंबातील विनोद पुरता कळण्यासाठी बोईसरास उतरले पाहिजे. येथून काही मैलांवर तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. देशातील हे पहिले केंद्र १९६९ मध्ये चालू झाले आणि त्याची वीज महाराष्ट्रास व गुजरातेस मिळू लागली. पुढे त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील माणसांस घरदार सोडून दुसरीकडे जावे लागले. केंद्राबरोबर कारखाने आले, वसाहती आल्या, हजारो कामगार आले. बोईसरचे लहानसे स्टेशन माणसांनी फुलून गेले. अणूचे पोट फोडून वीज काढण्याची विद्या ज्या गावी १९६९ मध्ये सिद्ध झाली, त्या गावच्या उतारूस विजेची लोकल मिळण्यास आणखी चव्वेचाळीस वर्षे लागली. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण लहानपणी पाठ केली होती. तिचे इतके मोठे उदाहरण आपल्या शेजारी आहे हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

गाड्यांच्या बाबतीतही हीच पंक्तिप्रपंचाची रीत. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा वाढदिवस पुण्यास दरवर्षी साजरा होतो. हार घातले जातात, केक कापला जातो, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. आम्हांस त्याचा हेवा नाही. परंतु राणी एकच आहे काय? मुंबई-सुरतेच्या मार्गावर फ्लाइंग राणी प्रथम १९०६ मध्ये धावली, मध्यंतरी बंद राहून १९३७ मध्ये पुन्हा सुरू झाली, महायुद्धात पुन्हा थांबली, आणि १९५० पासून नव्याने धावू लागली. १९७९ मध्ये तिला दुमजली डबे जोडले गेले. पालघर-बोईसरच्या दोन पिढ्यांनी या दुमजली डब्यांत नोकरीचे आयुष्य काढले. खालच्या मजल्यावरून फलाट डोळ्यांच्या रेषेत दिसे, वरच्या मजल्यावरून मिठागरे आणि शेते दिसत. ठरावीक बाकावर ठरावीक मंडळी बसत. कोणाच्या मुलीचे लग्न जमले, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोण गेला, हे सर्व त्या बाकांवर कळे. २०२३ च्या जुलैत ते डबे गेले आणि नवे आले. डबे जुने झाले होते, त्यांस विश्रांती हवीच होती. तक्रार ती नाही. तक्रार ही की, चव्वेचाळीस वर्षांच्या त्या सहवासाविषयी मराठीत एखादे धड पुस्तकही आम्हांस ठाऊक नाही. १९२८ पासून पेशावराकडे धावणाऱ्या फ्रंटियर मेलच्या थाटाविषयी मात्र वाटेल तितके वाचावयास मिळते. ती गाडी आमच्या पालघरावरून जात असे, एवढाच तिचा आणि आमचा संबंध.

सर्वांत शेवटी वैतरणेचा पूल. या मार्गावरील खाड्या ओलांडण्याचा प्रश्न कंपनीचे सल्लागार इंजिनियर कर्नल केनेडी यांनी ज्या युक्तीने सोडविला, ती स्थापत्याच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे. चिखलात दगडी पाया धरेना, म्हणून बिडाच्या पोकळ खांबांच्या तळाशी मळसूत्राची पाती बसवून ते फिरवीत फिरवीत जमिनीत उतरवावयाचे आणि त्यांवर एकाच मापाच्या लोखंडी कैच्या ठेवावयाच्या, अशी ती पद्धत. ते जुने पूल आता राहिले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे आले. पण वैतरणा आणि सफाळे या स्टेशनांच्या दरम्यान, दोन पुलांच्या मध्ये, वाढीव नावाचे बेट आहे, आणि ते मात्र जेथल्या तेथे आहे. तेथील माणसांस बाहेर पडण्यासाठी होडी, नाही तर रेल्वेचा पूल, असे वर्षानुवर्षे दोनच मार्ग राहिले. शाळेस जाणारी मुले, आजारी माणसे, भाजीची पाटी घेतलेल्या बाया त्या पुलावरून रुळांच्या कडेकडेने चालत गेल्या, आणि कित्येकांनी त्यात प्राण गमावले. आपल्या पुराणांत वैतरणी ही मेल्यानंतर ओलांडावयाची नदी आहे. वाढीवच्या माणसास ती जिवंतपणी, रोज दोनदा, ओलांडावी लागली. दक्षिणेस भाईंदर आणि नायगावच्या मध्ये जे पाणजू बेट, त्याचीही हीच कथा. १८६७ च्या यादीत ज्या पाणजूचे नाव स्टेशन म्हणून आहे, त्या पाणजूच्या रहिवाशांनी पुढच्या काळात स्टेशन गाठण्यासाठी पुलावरून पायपीट केली. पुलाचे छायाचित्र काढणाऱ्या हौशी माणसाने चौकटीतून चालणाऱ्या माणसास वगळले, तर त्याच्या हातात लोखंड राहील, इतिहास राहणार नाही.

यावर दोन आक्षेप निघतील, त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, 'तुम्ही पत्र्याच्या छपरांस वारसा म्हणू लागलात तर नवे काही होऊच द्यावयाचे नाही की काय? विरारच्या दक्षिणेस चार रूळमार्ग आणि उत्तरेस दोनच. त्या दोहोंवर मेल, मालगाड्या आणि लोकल एकमेकींच्या वाटेत उभ्या. म्हणून तर विरार ते डहाणू रोड या सुमारे चौसष्ट किलोमीटरांच्या चौपदरीकरणास २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. त्यास आता जुन्या खांबाच्या आणि कौलाच्या प्रेमाने आडवे जाणार काय?' मुळीच नाही! जो मनुष्य दाराला लोंबकळत बोईसरहून अंधेरीस जातो, त्यास 'हा खांब जुना आहे, म्हणून तुझी गाडी उशिरा येईल' असे सांगणे हा इतिहासाचा नव्हे, दुष्टपणाचा प्रकार होईल. छप्पर पाडावे लागत असेल तर अवश्य पाडावे. पण पाडण्यापूर्वी त्याचे माप घ्यावे, चित्र घ्यावे, ते कोणत्या साली उभे राहिले आणि त्याखाली कोण बसत असे ते लिहावे. घर बदलताना शहाणा मनुष्य भिंती बरोबर नेत नाही. पण देव्हारा आणि कुळाची वही मागे टाकूनही जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'हा मार्ग साऱ्या देशाचा आहे. दिल्लीकडची आणि गुजरातची गाडी प्रत्येक खेड्याशी थांबू लागली तर ती पोहोचणार केव्हा? विरारच्या पुढे वस्ती विरळ होती, म्हणून लोकल उशिरा आली. यात अन्याय कोठे आला?' या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही मान्य करतो. वेगाची गाडी हवी आणि ती सर्वत्र थांबणार नाही. परंतु वस्ती विरळ म्हणून गाडी नाही आणि गाडी नाही म्हणून वस्ती विरळ, हे चक्र कोठे तरी कोणी तरी तोडावे लागते. १८६७ मध्ये विरारला तरी कोणते मोठे शहर वसलेले होते? तेथे सकाळची एक गाडी सुटू लागली, आणि पुढच्या पिढ्यांनी तिच्या वेळेवर आपली घड्याळे लावून शहर उभे केले. तीच सकाळची गाडी डहाणूहून त्या काळी सुटली असती, तर आजचा नकाशा कसा दिसला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी. वस्तीच्या मागून गाडी येते हा नियम नव्हे. कित्येकदा गाडीच्या मागून वस्ती येते. म्हणून तर वेळापत्रक हा इतिहासाचा कागद आहे असे आम्ही म्हणतो. आता मुंबई-अहमदाबादच्या अतिवेगवान गाडीच्या आराखड्यातही बोईसरला थांबा दाखविलेला आहे. उत्तम आहे! पण त्या गाडीचा इतिहास पुढे कोणी लिहावयास बसेल तेव्हा त्यात काचेच्या स्टेशनाचे वर्णन किती आणि तिच्यातून उतरणाऱ्या-चढणाऱ्या बोईसरच्या माणसाची हकीकत किती, हे आज आपण कोणती सवय लावून घेतो त्यावर ठरेल.

तेव्हा करावयाचे काय? आमची मागणी फार मोठी नाही. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड ही आठ स्टेशने. प्रत्येक स्टेशनाजवळ एखादी तरी शाळा आहे. त्या शाळेतील एखाद्या हौशी शिक्षकाने वरच्या वर्गातील मुले हाताशी धरून आपल्या स्टेशनाची एक वही करावी. घरोघरी जुन्या पेट्यांत पास असतील, वेळापत्रके असतील, बदलीचे हुकूम असतील. ते पाहून उतरून घ्यावेत. जे वृद्ध हमाल, गेटवाले, गँगवाले, स्टेशनमास्तर हयात आहेत त्यांस विचारावे. डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने चाळीस वर्षे गेलेल्या मावश्यांस तर सर्वांत आधी विचारावे, कारण त्यांचे कोणी काही लिहून ठेवलेले नाही. वाढीवच्या लोकांकडून पुलाची हकीकत घ्यावी. यास सरकारी मंजुरी लागत नाही, वर्गणी लागत नाही. दोन रविवार आणि एक दोनशे पानी वही पुरते. आणि ज्या सुशिक्षित मंडळींस जुन्या आगगाड्यांचा खरोखर छंद आहे, त्यांनी आपल्या सहलीचा आरंभ विरारपासून करावा. शेवट तेथे करू नये.

त्या गृहस्थांस आमचे एक आग्रहाचे निमंत्रण आहे. एखाद्या रविवारी त्यांनी आमच्याबरोबर डहाणू रोडचे तिकीट काढावे. वैतरणेच्या पुलावर गाडी हळू झाली तर खिडकीतून खाली पाहावे. केळवे रोडास पाटीवरचा 'रोड' हा शब्द सावकाश वाचावा. पालघरास उतरून हुतात्मा चौकापर्यंत चालावे आणि परत यावे. मग संध्याकाळी बोईसरच्या फलाटावर आमच्याशेजारी उभे राहावे. कामाची पाळी सुटलेली असेल, डबे हातात घेतलेली माणसे रांगेने उभी असतील. तेवढ्यात सूचना होईल की, न थांबणारी गाडी येत आहे, मागे सरा. सर्व माणसे मुकाट्याने एक पाऊल मागे सरतील. गाडी धडधडत निघून जाईल आणि माणसे पुन्हा एक पाऊल पुढे येतील. हे एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे १८६४ पासून चालू आहे. ते पाहून झाल्यावर आमच्या मित्रांनी सांगावे की, विरारच्या पुढे पाहण्यासारखे काही आहे की नाही.